‘निराश’ हें विशेषण कोणास लावावें?

(शास्त्रपाठ : उत्पत्ति 42 : 29–38, लूक 24 : 13–35)



आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांत दोन माणसें वाटेवर भेटलीं म्हणजे एकानें “कसें काय चाललें आहे?” असें विचारावें आणि दुसऱ्यानें “काय सांगावें, कांहीं खरें नाहीं,” असें उत्तर द्यावें, ही रीत इतकी जुनी झाली आहे कीं, बोलणाऱ्याचें किंवा ऐकणाऱ्याचें तिकडे लक्षही जात नाहीं. हर्णैच्या बंदरावर होड्या रिकाम्या परत आल्या कीं, कोळी म्हणतो, “धंदा बसला तो कायमचा.” अवकाळी पावसानें आंब्याचा मोहोर गळाला कीं, बागवाला म्हणतो, “बागेंत आतां राम राहिला नाहीं.” मूल परीक्षेंत नापास झालें कीं, आई म्हणते, “हें करंटेंच निपजलें.” आणि रविवारीं उपासनेस सातच माणसें जमलीं कीं, आम्ही उपदेशक म्हणतों, “या मंडळीची स्थिति निराशाजनक आहे.”

या शेवटल्या वाक्यापासूनच आज आरंभ करावा असें आम्हांस वाटतें. कांहीं दिवसांपूर्वी एका खेड्यांतील उपदेशकाचें पत्र आमच्याकडे आलें. पत्र लहान होतें. मंडळींत पांच घरें; त्यांतील तरुण मुलगे कामासाठीं मुंबईस गेलेले; मागें राहिल्या त्या म्हाताऱ्या आणि लहान मुलें. पावसाळ्यांत प्रार्थनामंदिराचें छप्पर गळतें. पत्रांत ‘निराशाजनक’ हा एक शब्द आम्हीं मोजला, तो पांच वेळां आला होता. स्थिति निराशाजनक, उपस्थिति निराशाजनक, वर्गणी निराशाजनक, मुलांचा अभ्यास निराशाजनक, आणि शेवटीं, “माझें स्वतःचें मनही निराशाजनक झालें आहे, तरी मला येथून मोकळें करावें.”

या बंधूस दोष देण्यास आम्ही हें लिहीत नाहीं. तें पत्र वाचून आम्हांस आमच्याच जुन्या वह्या आठवल्या. त्यांतही हाच शब्द जागोजागीं आहे. त्यानें पांच वेळां लिहिला. आम्हीं किती वेळां लिहिला हें मोजण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. म्हणून त्याला द्यावयाचें उत्तर आम्हीं आधीं स्वतःस दिलें, आणि तेंच आज तुम्हां सर्वांपुढें ठेवितों.

प्रथम या शब्दांचे अर्थ पाहूं. ‘निराश’ म्हणजे ज्याच्यांतून आशा निघून गेली आहे असा. ‘हताश’ हा त्याहून कठोर. ज्याची आशा मारली गेली आहे असा. ‘उदास’ म्हणजे मुळांत बाजूला जाऊन बसलेला. ‘विषण्ण’ म्हणजे खालीं बसलेला, खचलेला. पाहा, या शब्दांत केवढें तथ्य आहे! ज्याची आशा जाते तो प्रथम बाजूला बसतो, मग खालीं बसतो, आणि पुढें उठत नाहीं. हे शब्द हलके नाहींत. वैद्य जसा विषारी औषध तोलून देतो, तसे ते तोलून वापरावयाचे आहेत. परंतु आपण ते मिठासारखे सर्व भाज्यांत टाकितों.

आतां शास्त्राकडे वळूं.

याकोब म्हातारा झाला होता. दुष्काळ पडला, आणि धान्य आणावयास त्याचे मुलगे मिसर देशास गेले. ते परत आले तेव्हां शिमोन त्यांच्याबरोबर नव्हता. तो तिकडे अडकवून ठेविला होता, आणि धाकट्या बन्यामिनाला आणल्याशिवाय त्याची सुटका नव्हती. गोण्या उघडल्या तों प्रत्येकाच्या गोणींत त्याचा पैसा जसाच्या तसा सांपडला, आणि सर्वांस धडकी भरली. तेव्हां याकोबानें जें म्हटलें त्याचा भाव असा कीं, योसेफ गेला, शिमोन गेला, आतां बन्यामिनालाही नेणार. हें सगळें माझ्यावरच उलटलें आहे.

बंधूंनो, हें वाक्य कोणत्या घटकेस उच्चारिलें गेलें तें ध्यानांत घ्या. योसेफ मेला नव्हता. तो मिसर देशाचा अधिकारी होऊन याच घराण्यासाठीं कोठारें भरून बसला होता. शिमोन मेला नव्हता. तो आपल्याच भावाच्या ताब्यांत होता. गोणींतील पैसा शत्रूनें लावलेला सांपळा नव्हता. तो पुत्राच्या हुकुमानें परत आला होता. ज्या ज्या गोष्टीकडे बोट दाखवून याकोब “विरुद्ध” म्हणाला, ती प्रत्येक गोष्ट त्याच्या बाजूनें चालली होती. त्याचें दुःख खोटें नव्हतें. वीस वर्षांहून अधिक काळ त्यानें पुत्राचा शोक केला होता. परंतु त्याचें विशेषण खोटें होतें. कारण जें त्याला दिसत नव्हतें त्यालाही त्यानें तें लाविलें.

आणि पुढें पाहा. याकोब मिसर देशांत पोहोंचला, फारो राजापुढें उभा राहिला, आणि राजानें वय विचारिलें. तो म्हणाला कीं, वर्षें एकशेंतीस झालीं, पण माझे दिवस थोडे व दुःखाचे गेले (उत्पत्ति 47 : 9). योसेफ भेटला तरी तोंडांतलें जुनें विशेषण सुटलें नव्हतें! संवय ती अशी असते. यानंतर तो आणखी सतरा वर्षें जगला. मरणसमयीं नातवांच्या डोक्यांवर हात ठेवून तो काय बोलला? ज्या देवानें जन्मभर मला मेंढपाळासारखें सांभाळिलें, सर्व संकटांतून सोडविलें, तोच या मुलांस आशीर्वाद देवो, अशा अर्थाचे ते शब्द आहेत (उत्पत्ति 48 : 15, 16). तोच मनुष्य, तेंच आयुष्य, तेच दिवस. एकदां त्यांस ‘दुःखाचे’ हें विशेषण लागलें, आणि एकदां ‘सांभाळिलेले’ हें लागलें. दिवस बदलले नाहींत. त्यांच्याकडे पाहणाऱ्याचे डोळे बदलले.

दुसरी गोष्ट नामीची. ती मवाबांतून नवरा व दोन मुलगे पुरून बेथलेहेमास परत आली. गांवच्या बायांनीं ओळखून नांव घेतलें, तेव्हां ती म्हणाली कीं, मला नामी म्हणजे ‘गोड’ म्हणूं नका, मारा म्हणजे ‘कडू’ म्हणा. मी भरलेली गेलें व रिकामी परत आलें. येथें विशेषणाचें नामच झालें. दुःख ही तिच्यावर आलेली गोष्ट होती. तिनें तें आपलें नांव करून घेतलें. आणि “मी रिकामी आलें” असें ती म्हणत असतां तिच्या शेजारीं कोण उभी होती? रूथ! जिच्या पोटीं पुढें दावीद राजाचा आजा जन्मावयाचा होता ती सून तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होती, आणि शेतांत सातूची कापणी नुकतीच सुरू झाली होती. आम्हांस या पुस्तकांत एक गोष्ट फार गोड वाटते. नामीनें आपलें नवें नांव सांगितलें खरें, पण साऱ्या पुस्तकांत तिला त्या नांवानें कोणीही हाक मारीत नाहीं. शास्त्र तिला शेवटपर्यंत नामीच म्हणतें. आपण आपणांस जें काळें नांव ठेवितों, त्या नांवानें देव आपणांस हाक मारीत नाहीं.

तिसरी गोष्ट बारा हेरांची. चाळीस दिवस त्यांनीं कनान देश पाहिला. दोघांनीं काठीवर वाहून आणावा लागला असा द्राक्षांचा घोंस त्यांच्याजवळ होता. पण दहा जणांनीं देशास असें विशेषण लाविलें कीं, तो देश आपल्या रहिवाशांस खाऊन टाकणारा आहे. आणि स्वतःस म्हणाले, आम्ही टोळांसारखे. घोंस हातांत, आणि तोंडांत हे शब्द! त्या रात्रीं सर्व लोक रडले, आणि चाळीस दिवसांबद्दल चाळीस वर्षें रानांत गेलीं. दहा माणसांच्या तोंडच्या शब्दांनीं एका अख्ख्या पिढीचा रस्ता अडविला. उपदेशक बंधूंनो, हें आपणांसाठीं आहे. मंडळी आपल्या डोळ्यांनीं पाहते. आपण घोंस दाखवितों कीं टोळ दाखवितों, यावर पांच घरांचें पुढें काय होणार तें अवलंबून आहे.

आतां कोणी म्हणेल, “म्हणजे ख्रिस्ती माणसानें दुःख झालें तरी ‘सगळें छान आहे’ असेंच म्हणावयाचें काय?” नाहीं, मुळींच नाहीं. तसें म्हणणें हें दुसरें खोटें विशेषण होय. यिर्मयाच्या काळीं जखम खोल असतां वरवर मलमपट्टी करून “सर्व कुशल आहे” म्हणणारे पुढारी होते, आणि देवानें त्यांचा निषेध केला. अठ्ठ्याऐंशीवें स्तोत्र वाचा. तें अंधारांतच संपतें, आणि तरीही तें प्रार्थनेच्या पुस्तकांत ठेविलें आहे. आपल्या प्रभूनें गेथशेमाने बागेंत आपला जीव मरणप्राय खिन्न झाला असल्याचें शिष्यांस उघड सांगितलें. तेव्हां दुःखाचा शब्द उच्चारणें हें पाप नव्हे. तो शब्द कोणास लावावयाचा व कोणापुढें उच्चारावयाचा, एवढाच प्रश्न आहे.

शाळेंत आपण व्याकरण शिकलों. दादोबा पांडुरंग यांनीं 1836 सालीं मराठीचें व्याकरण छापिलें, आणि तेव्हांपासून आपलीं मुलें विशेषण म्हणजे काय तें पाठ करीत आलीं आहेत. विशेषण नामाची व्याप्ति कमी करितें. ‘आंबा’ म्हटलें म्हणजे सारे आंबे आले. ‘आंबट आंबा’ म्हटलें म्हणजे थोडेच राहिले. म्हणून विशेषण लावितांना आपण त्या वस्तूला एका कुंपणांत घालीत असतों. हें लक्षांत ठेवून रोजच्या वाक्यांसाठीं तीन साधे नियम आम्ही सुचवितों.

पहिला नियम : विशेषण प्रसंगास लावा, माणसास लावूं नका. “हा निराश मुलगा आहे,” असें म्हटलें म्हणजे त्या मुलाभोंवतीं कुंपण पडलें. “मुलगा आज निराश झाला आहे,” असें म्हटलें म्हणजे कुंपणास दार राहिलें. जो आज झाला तो उद्यां बदलेल. शब्द तोच, पण एक वाक्य शिक्का मारितें आणि दुसरें वाट दाखवितें. आईबापांनो, ‘करंटा’, ‘दळभद्री’, ‘कपाळकरंटी’ हे शब्द चुलीपाशीं किती सहज निघतात! लहान मुलाला आपल्याविषयीं जें ऐकूं येतें तेंच तें आरशांत पाहतें.

दुसरा नियम : वाक्यांत काळ व ठिकाण घाला. “शेतींत कांहीं राहिलें नाहीं,” हें वाक्य साऱ्या शेतास, साऱ्या वर्षांस, साऱ्या जन्मास लागतें. “यंदा या खांचरांतलें भात कुजलें,” हें वाक्य खरें आहे, आणि त्यापुढें काय करावें हा विचार करितां येतो. ‘सगळें’, ‘कधींच’, ‘कायमचें’ हे शब्द फक्त देवास शोभतात, कारण शेवटपर्यंतचें त्यालाच दिसतें.

तिसरा नियम : देवास गाळून वाक्य पुरें करूं नका. एलीया देवासमोर म्हणाला कीं, मी एकटाच उरलों. देवानें त्याच्यावर रागही केला नाहीं व त्याचें बोलणें मान्यही केलें नाहीं. बआलापुढें न वांकलेले सात हजार आपण राखून ठेविले आहेत, असें त्यानें कळविलें. एलीयाची मोजणी एकावर थांबली होती. देवाची सात हजारांवर होती. उपस्थिति मोजतांना आपण हें विसरूं नये.

आणि येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. झुडपाखालीं पडून मरण मागणाऱ्या एलीयास देवानें प्रथम उपदेश केला नाहीं. त्याला झोपूं दिलें, भाकर व पाणी दिलें, पुन्हां झोपूं दिलें. म्हणून मंडळींत कोणी मनुष्य आठवडेच्या आठवडे खिन्न असेल, त्याला झोप येत नसेल, अन्न गोड लागत नसेल, जगणें नकोसें झाल्याचें तो बोलत असेल, तर “विश्वास कमी पडला” असें म्हणून त्याच्या दुःखांत भर घालूं नका. शरीराप्रमाणें मनालाही आजार होतो, आणि त्यास औषध आहे. त्याच्याजवळ बसा, त्याला जेवूं घाला, आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. रत्नागिरींत मनोरुग्णांसाठीं शासकीय रुग्णालय आहे. शिवाय शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीची सेवा 2022 सालीं सुरू झाली, तिचा क्रमांक 14416 आहे. बोलण्याची वाईट संवय वेगळी आणि आजार वेगळा. पहिली सुधारावी, दुसऱ्याची सेवा करावी.

आतां आम्ही हे नियम कोणापाशीं शिकलों तें सांगतों. 3 जून 2020 रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ श्रीवर्धनाजवळ किनाऱ्यावर आलें, आणि दापोली व मंडणगड तालुक्यांत त्यानें फार नासधूस केली. घरांचीं कौलें व पत्रे उडाले, विजेचे खांब मोडले, आणि माडापोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या. त्यापूर्वीच साथीच्या रोगामुळें सर्वत्र टाळेबंदी होती. रस्ते मोकळे झाल्यावर आम्ही दापोली तालुक्यांतील एका वृद्ध विधवा भगिनीच्या घरीं गेलों. तिच्या नवऱ्यानें लाविलेल्या पोफळी एकावर एक पडल्या होत्या. आम्ही सांत्वन करावयास गेलेले, पण वाडी पाहून आमच्याच तोंडून निघालें, “आजी, तुमची वाडी सरली हो!”

ती पडवींत बसून पिकलेल्या सुपाऱ्या निवडीत होती. मान वर न करितां ती म्हणाली, “पाद्रीबाबा, सरली म्हणूं नका, मोडली म्हणा. सरली म्हटलं कीं माणूस हात धुऊन बसतो. मोडली म्हटलं कीं नीट कराया उठतो.” ज्या सुपाऱ्या ती निवडीत होती त्या विकावयाच्या नव्हत्या, त्या रोपांसाठीं होत्या. पोफळीस फळ धरावयास पांच-सात वर्षें लागतात, हें कोंकणांत कोणास सांगावयास नको. आम्हीं विचारिलें, “आजी, हें फळ कोण खाणार?” ती म्हणाली, “ज्यानं पहिली वाडी लावली तो कुठं खायला राहिला? मी खाल्लं ना?”

आम्ही त्या दिवशीं उपदेश करावयास गेलों होतों, आणि ऐकून परत आलों. तिचें दुःख तिनें लपविलें नाहीं. ‘मोडली’ हा शब्द दुःखाचाच आहे. परंतु तो खरा शब्द होता. ‘सरली’ हा शब्द आमचा होता, आणि तो खोटा होता. एका क्रियापदाचें अंतर, पण त्या अंतरांत एक वाडी उभी राहूं शकते.

आपल्या जिल्ह्यांतील ख्रिस्ती कार्याच्या आरंभींही असाच प्रसंग आहे, तो पुष्कळांस ठाऊक नाहीं. 1823 सालीं स्कॉटलंडांतील मिशनरी बाणकोट येथें आले. सावित्री नदीच्या मुखावरचें तें गांव. त्यांतील पहिले डोनाल्ड मिचेल हे त्याच वर्षीं मरण पावले. मागून आलेल्यांनीं बाणकोट व हर्णै येथें शाळा काढिल्या, भाषा शिकून घेतली, गांवोगांव हिंडले. पुढें तीं ठाणीं सोडून ते पुण्यास गेले. तेव्हांच्या एखाद्या हिशेबनिसानें ‘निराशाजनक’ असें लिहिलें असतें तर त्यास कोणी दोष दिला नसता. पण 1829 सालीं एक तरुण मिशनरी व त्यांची पत्नी याच किनाऱ्यावर येऊन राहिलीं व येथेंच मराठी शिकलीं. ते जॉन विल्सन. पुढें मुंबईंत 1832 सालीं त्यांनीं शाळा काढिली. आज जें विल्सन कॉलेज आहे त्याचें मूळ तेथें आहे. हर्णैच्या वाळूंत शिकलेले शब्द किती पिढ्यांस उपयोगी पडले, तें वर्गणीच्या वहींत कसें मावावें?

याच दापोली तालुक्यांतील मुरूड गांवचा एक मुलगा परीक्षेस बसण्यासाठीं मित्रांबरोबर पायीं साताऱ्यास गेला. शंभर मैलांहून अधिक वाट, मध्यें सह्याद्रीचा घाट. तेथें पोहोंचल्यावर, हा वयानें लहान दिसतो, असें म्हणून त्यास परीक्षेस बसूं दिलें नाहीं. तो तसाच परत आला. त्या दिवशीं तो खचित निराश झाला असेल. पण तो ‘निराश मुलगा’ झाला नाहीं. पुढें त्यानें ती परीक्षा दिली, आणि आणखी पुष्कळ दिल्या. ते धोंडो केशव कर्वे. विधवांसाठीं आश्रम व 1916 सालीं स्त्रियांसाठीं विद्यापीठ त्यांनीं उभें केलें. ते ख्रिस्ती नव्हते. परंतु चांगलें उदाहरण कोणाच्याही अंगणांत उगवलें तरी त्याचा सुवास घ्यावा.

शेवटीं आपण अम्माऊसच्या वाटेवर जाऊं. पुनरुत्थानाच्या दिवशीं दोन शिष्य यरुशलेमेंतून निघाले. वाट सुमारें सात मैलांची. एक अनोळखी सोबती त्यांस येऊन मिळाला व त्यानें विचारिलें, “तुम्ही काय बोलत चाललां आहां?” तेव्हां ते उदास चेहऱ्यानें उभे राहिले. येथें मूळ ग्रीक भाषेंत जें विशेषण आहे तें साऱ्या नव्या करारांत दोनच ठिकाणीं येतें. दुसरें ठिकाण मत्तय 6 : 16, उपास करितांना ढोंगी लोक तोंड उतरवून बसतात, तसे तुम्ही बसूं नका, असें जेथें प्रभु सांगतो तें. एकच शब्द, पण प्रभूची वागणूक दोन प्रकारची. जें उतरलेलें तोंड लोकांनीं पाहावें म्हणून केलेलें असतें, त्याची तो निर्भर्त्सना करितो. जें खरोखर उतरलेलें असतें, त्याच्याबरोबर तो सात मैल चालतो.

ते शिष्य म्हणाले कीं, हाच इस्राएलाची सुटका करील अशी आम्हांस आशा होती. ‘होती’! या एका भूतकाळीं क्रियापदांत त्यांचें सर्व दुःख आलें. आणि तें ते कोणास सांगत होते? ज्याच्यावर आशा होती त्यालाच! तो जिवंत होऊन त्यांच्या डाव्या-उजव्या हाताशीं चालत असतां ते त्याच्याविषयीं भूतकाळांत बोलत होते.

त्यांची आशा कां मेली? कारण ती एका सिंहासनाला बांधली होती. रत्नागिरींत थिबा राजाचा वाडा तुम्हांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. ब्रह्मदेशाचा हा राजा 1885 सालीं पदच्युत झाला. 1886 सालीं त्यास रत्नागिरीस आणिलें, आणि 1916 सालीं तो येथेंच वारला. तीस वर्षें! त्याच्या मनांत काय होतें तें देव जाणे. त्या दुःखी माणसाचा न्याय करावा असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु तो वाडा पाहतांना मनांत येतें कीं, जी आशा गेलेल्या सिंहासनाकडे पाहत बसते तिला घर कितीही मोठें बांधून दिलें तरी तें बंदिवासच. शिष्यांस सिंहासन पाहिजे होतें. प्रभूनें भाकर मोडली. भाकर मोडतांच त्यांचे डोळे उघडले, आणि जे संध्याकाळ झाली म्हणून थांबले होते ते त्याच घटकेस उठून रात्रीं सात मैल परत गेले. वाट तीच होती, अंधार अधिक होता. फक्त ‘होती’ चें ‘आहे’ झालें होतें.

त्या उपदेशक बंधूस आम्हीं काय उत्तर लिहिलें? आम्हीं लिहिलें : “आपली बदली करावी कीं नाहीं हा विचार नंतर करूं. त्यापूर्वीं एक महिना आपलें टिपण असें लिहा. ‘उपस्थिति निराशाजनक’ असें न लिहितां त्या सात माणसांचीं नांवें लिहा. ‘वर्गणी निराशाजनक’ असें न लिहितां कोणत्या म्हातारीनें किती दिलें तें लिहा. छप्पर कोठें गळतें, किती कौलें पाहिजेत, तें लिहा. आणि शेवटीं आपण दमलां असाल तर ‘मी दमलों आहें’ असें लिहा; तो शब्द खरा आहे, आणि दमलेल्यास विसावा देतां येतो.”

महिन्यानें उत्तर आलें. उपस्थिति वाढली नव्हती, सातच होती. पण यावेळीं सात नांवें होतीं. त्यांत एका मुलीचें नांव होतें, जी दर रविवारीं आपल्या आंधळ्या आजीस हात धरून आणिते व घरीं गेल्यावर तिला शास्त्र वाचून दाखविते. मागच्या पत्रांत ती मुलगी ‘निराशाजनक उपस्थिति’ या दोन शब्दांखालीं पुरली गेली होती. कौलें एकशें वीस पाहिजेत असें त्यानें लिहिलें होतें. बदलीविषयीं कांहीं नव्हतें. फक्त शेवटीं एक ओळ होती : “मी दमलों आहें.” आम्हीं त्यास आठ दिवसांची रजा दिली, आणि ते आठ दिवस त्याच्या जागीं आम्ही स्वतः गेलों. सात माणसांपुढें बोलतांना आम्हांस मंडळी लहान वाटली नाहीं.

प्रिय वाचकहो, येत्या आठवड्यांत घरोघरीं एवढें करून पाहा. रात्रीं प्रार्थनेपूर्वीं प्रत्येकानें दिवसभरांत आपण कोणास कोणतें विशेषण लाविलें तें आठवावें. जें प्रसंगास लावावयाचें तें माणसास लाविलें असेल तर त्या माणसाची क्षमा मागावी. तें मूल असलें तरी मागावी. ‘सरलें’ म्हटलें असेल तेथें ‘मोडलें’ म्हणतां येईल काय, हें पाहावें. आणि जेथें दुःख खरोखर खोल आहे तेथें तें न झांकितां प्रभूस सांगावें. तो वाटेवर आपल्या बरोबरच चालत आहे.

हे प्रभो, आमच्या ओठांवर पहारा ठेव. जें आम्हांस दिसत नाहीं त्यास काळें म्हणण्याची आमची संवय मोड. मोडलेल्या वाड्यांत रोपें लावणारे हात आम्हांस दे. दमलेल्यांस विसावा दे, आणि आमची आशा होती असें म्हणणाऱ्या आम्हां सर्वांस, आमची आशा आहे, असें म्हणावयास शिकीव. आमेन.